ढिगाची धग

बेलवलीतल्या अकरा घरांच्या त्या बैठ्या सोसायटीत कौसाबाईचं घर अगदी शेवटचं. घरं वाटली तेव्हा ते कुणालाच नको होतं. नाला जवळ, संध्याकाळी डासांचे थवे. कौसाबाई मुलाला म्हणाली होती, "घेऊन टाक. डास काय, पयल्या नंबरच्या घरातबी चावतात. मागची जमीन कुठं मिळंल?" त्या गोष्टीला सात वर्षं झाली. आता त्या मागच्या जागेत भेंडी होती, वांगी होती, तीन केळी होत्या, कढीलिंब छपराला टेकला होता, आणि शेवग्याच्या सावलीत होता कौसाबाईचा ढीग.

ढीग खाटेएवढा लांब आणि कमरेएवढा उंच. खाली वाळक्या काटक्या, वर पालापाचोळा, मग भाजीची देठं नि सालं, मग शेणकाल्याचं पाणी, मूठभर माती, परत पाला. थरावर थर. कुणी त्याला उकिरडा म्हटलं की कौसाबाई दाताळं जमिनीवर टेकवायची आणि म्हणायची, "उकिरड्यावर माणूस टाकतं आन् इसरतं. ह्याला मी दिवसातून तीनदा बघते. तू तुझ्या नवऱ्याला बघतेस का तीनदा?"

एकोणनव्वद सालचा मे होता. नळाला सकाळी तासभर पाणी, तेही करंगळीएवढी धार. दुपारी ओट्यावर पाय ठेवला तर चटका बसायचा. असल्या दिवसांत ढीग सांभाळायचा म्हणजे बाळंतीण सांभाळण्यासारखं, असं कौसाबाईचं मत. ऊब हवी, पण ऊन लागता कामा नये. ओल हवी, पण भिजता कामा नये. म्हणून तिनं चार बांबू रोवून वर झावळ्या टाकल्या होत्या. ढिगावर ओली गोणपाटं अंथरली होती. प्यायच्या पाण्याचा थेंब ती ढिगाला घालत नसे. तांदळाचं, डाळीचं धुवण दिवसभर एका पिंपात साठवायचं आणि उन्हं कलल्यावर तांब्यातांब्यानं शिंपडायचं. आतला माल मुठीत दाबून बघायचा. लाडू वळला पाहिजे आणि बोटांतून पाणी गळता कामा नये.

आणि सळई. हातभर लांबीची लोखंडी सळई ढिगाच्या पोटात कायम खुपसलेली. सकाळी उठलं की पहिलं काम, ती उपसून तळव्यात धरायची. हाताला धरवली नाही म्हणजे ढीग जिवंत. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. शाळा दुसरीतच सुटली. सही यायची, एसटीची पाटी वाचता यायची, तेवढ्यावर तिनं एक नवरा, चार मुलं आणि एक दुष्काळ निभावला होता.

जेवणं उरकली की कौसाबाई दोन बादल्या घेऊन निघायची. पहिल्या घरापासून दहाव्या घरापर्यंत प्रत्येक दारातून भाजीपाल्याची सालं गोळा करायची. गोळा करता करता प्रत्येकीचा संसार तिला कळायचा. "दुधीची साल केवढी जाड काढलीस गं, अर्धा दुधी बादलीत आला की." "आंबे लागले म्हणायचे आणायला. कोयी बघ कशा चाटूनपुसून ठेवल्यात." बायका हसायच्या, कुणी चिडायच्या, पण महिन्यातून एकदा तिच्याकडून घमेलंभर काळंभोर खत कुंड्यांना न्यायला साऱ्याजणी पुढं.

चार नंबरच्या पाटणकरबाईंचा मोगरा तर सगळ्या बेलवलीत नावाजलेला, आणि तो कुणाच्या खतावर फुलतो हे त्या स्वतःच सांगत. बाई स्वभावानं चांगल्या. एवढंच, की त्यांचा सालांचा डबा उंबऱ्याबाहेर, पायरीच्या कडेला ठेवलेला असायचा. कौसाबाईनं तो उचलून बादलीत रिकामा करायचा आणि परत तिथंच ठेवायचा. हातातून हातात कधी नाही. कौसाबाईला ते दिसत नव्हतं असं नाही. पण तिचं लक्ष सालांवर असायचं.

लक्ष गेलं ते किसनचं. किसन, तिचा धाकटा, अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होता. त्या महिन्यातच सुपरवायझर झाला होता. एका दुपारी पहिली पाळी करून तो घरी येत होता. आई पाटणकरांच्या पायरीशी वाकलेली, हातात डबा. आतून त्यांच्याकडे सुट्टीत आलेली भाची ओरडली, "मावशी, कचरेवाली आली गं." पोरगी आठ वर्षांची. तिला काय कळतं. पण किसनचे पाय तिथंच थांबले.

घरी आल्यावर त्यानं शर्टसुद्धा काढला नाही.

"आई, उद्यापासून बादल्या बंद."

"का? ढिगाला काय तुझं जेवण घालू?"

"ढीग पण बंद. सोमवारी दामूचा टेंपो बोलावतो, सगळं उचलून नेऊ दे."

त्याची बायको बकुळा स्वयंपाकघराच्या दारात पीठ लागलेल्या हातांनी उभी राहिली. बकुळा उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातली. लग्नाआधी सिंधी शेठच्या कारखान्यात जीन्स शिवायची. भांडणात पडायचं नाही, पण ऐकायचं मात्र सगळं, एवढं ती तिथंच शिकली होती.

"टेंपो येऊ दे," कौसाबाई म्हणाली, "मी ढिगावर बसते. मलाबी भर त्यात."

"आई, थट्टा नको. आपण वांगणीकडचं गाव का सोडलं? आजानं दीक्षा घेतली तेव्हा चावडीवर जाऊन काय सांगितलं होतं? तूच सांगतेस ना लहानपणापासून? दुसऱ्याची घाण उचलणार नाही म्हणून. आणि तू दारोदार जाऊन तेच करतेस. ती बाई डबा तुझ्या हातात देतसुद्धा नाही. मी आज बघितलं."

कौसाबाई मागं गेली, धुवणाच्या पिंपाशी बसली, आणि तांब्यानं धुवण ढवळत राहिली.

आजा म्हणजे तिचा सासरा. वाळक्या काटकीसारखा माणूस. दीक्षेच्या वर्षी गावच्या पाटलाची म्हैस मेली आणि बोलावणं आलं, तेव्हा तो धुतलेला सदरा घालून चावडीवर गेला. कौसाबाई नवी सून होती, बायकांच्या घोळक्यात मागं उभी राहून तिनं आपल्या कानांनी ऐकलं होतं. म्हातारा ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "आजपासून तुमचं ढोर तुम्ही ओढा." त्यापायी घरानं चार महिने उपास काढले. पण ते वाक्य घरात दागिन्यासारखं जपलं गेलं.

कौसाबाईनं ते वाक्य पुन्हा पुन्हा मनात घोळवलं. म्हाताऱ्यानं ढोराला नावं ठेवली नव्हती. हात लावणार नाही असंही तो म्हणाला नव्हता. पुढं त्यांचा स्वतःचा बैल मेला, तेव्हा म्हाताऱ्यानं तो आपल्या हातांनी ओढला, रडत रडत पुरला. म्हणजे लाज ढोराची नव्हती. लाज होती दुसऱ्याचं दुसऱ्यासाठी ओढण्याची.

ती उठली, पदराला हात पुसले आणि आत आली. किसन चहा पीत होता.

"तुझं निम्मं बरोबर हाय," ती म्हणाली. एवढं कबूल करणं तिच्यासाठी मोठं होतं. "मी आता कुणाच्या दारात जाणार नाय. पण ढीग हलणार नाय."

"दारात गेली नाहीस तर ढीग राहील कसा? आपल्या एका घरच्या सालांवर?"

"ज्याचं त्यानं आणावं."

किसन हसला, पण त्यात आनंद नव्हता. "पाटणकरबाई येतील? बादली घेऊन? आपल्या मागच्या दारी?"

"पंधरा दिवस बघ. सोळाव्या दिवशी सळई थंड लागली, तर तुझ्या टेंपोत माझ्या हातानं भरून देईन. मग मी भाजी इकत घेऊन खाईन, सुपरवायझरच्या आईसारखी."

मोरीच्या भिंतीवर तिनं कोळशानं पहिली रेघ ओढली.

पहिले तीन दिवस सोसायटीत कुणाला काही कळलं नाही. बायकांना वाटलं, म्हातारी आजारी असेल. चौथ्या दिवशी आंब्याच्या सालांना वास यायला लागला. कचराकुंडी होती ती फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडं, आणि दुपारच्या उन्हात तिथवर जायचं कुणाच्या जिवावर यायचं. डब्यांवर चिलटं घोंगावू लागली.

इकडं ढीग उपाशी. घरची सालं ती किती, मूठभर. कौसाबाईनं केळीचे बुंधे चिरून घातले, चहाचा चोथा घातला, बांधावरचं उरलंसुरलं गवत कापून घातलं. पण बाहेर आग ओकत होती आणि आत ओल टिकेना. गोणपाट सकाळी भिजवलं की दहाच्या आत कडकडीत. सहाव्या दिवशी सळई कोमट लागली. आठव्या दिवशी तिनं एक कड उकरली तर आत राखेसारखी पांढरी भुरी आणि लाल मुंग्यांची रांग. मुंग्यांनी ढिगात घर केलं म्हणजे आत कोरडं ठणठणीत. कौसाबाईनं मुंग्यांना अशा शिव्या दिल्या की पलीकडच्या घरातला रेडिओ कुणीतरी बारीक केला.

"आत्या, मी जाते ना," बकुळा म्हणाली. "माझा काय इगो नाही. दोन मिनटात दहा घरं फिरून येते."

"तुझ्या पायांनी गेलं तरी दार तेच, बकुळे."

"पण ढीग खल्लास होईल अशानं."

"झाला तर झाला," कौसाबाई म्हणाली. पण आवाज नेहमीचा नव्हता, आणि बकुळानं ते ओळखलं. त्या दिवसापासून तिनं पिठाच्या हाताचं पाणीसुद्धा मोरीत जाऊ दिलं नाही.

नवव्या दिवशी पाटणकरबाई आल्या. कुंपणापलीकडं, हातात छत्री.

"कौसाबाई, बऱ्या आहात ना? येत नाही हल्ली. आमच्याकडे डबा नुसता भरून वाहतोय हो. माशा झाल्यात."

पाय दुखतात असं सांगता आलं असतं. बाईंनी ते मान्यही केलं असतं, कदाचित तेलाची बाटली पाठवली असती. पण कौसाबाई खोटं बोलायला शिकली नव्हती, निदान स्वतःच्या बाबतीत.

"पाय बरं हायेत. पण आता मी दारात येणार नाय, बाई. ज्यांची सालं त्यांनी आणायची. ढीग हितंच हाय."

"म्हणजे आम्ही कचरा उचलून आणायचा?"

"कचरा असंल तर कुंडीत टाका, रस्त्यापल्याड. खत करायचं असंल तर माझ्याकडं आणा."

पाटणकरबाईंनी छत्री मिटली, परत उघडली. आणि वळल्या. पाठमोऱ्या बाईंच्या केसांतला मोगऱ्याचा गजरा कौसाबाई बघत राहिली, आणि तिला मनातल्या मनात वाटलं, गेला. आपला ढीग गेला.

अकराव्या दिवशी सळई गार. शेवग्याच्या सावलीत ठेवलेलं लोखंड जेवढं असतं तेवढीच. उन्हाची काहिली अशी की कावळे चोच उघडी टाकून बसलेले, आणि त्या एवढ्या मोठ्या ढिगाच्या पोटात मात्र काही नाही. कौसाबाई तळवा सळईवर तसाच ठेवून उभी होती. किसन मागच्या दारात दात घासत होता. त्यानं बघितलं. तिला टोचावं असं त्याच्या मनात नव्हतं, पण शब्द गेले.

"दामूला सांगू का?"

"चार दिवस हायेत अजून. सुपरवायझर झालास आन् मोजायचं इसरलास?"

बाराव्या दिवशी भर दुपारी, सगळी सोसायटी पंख्याखाली आडवी झालेली असताना, मागच्या बाजूला पावलं वाजली. पाटणकरबाई. हातात बादली, बादलीवर वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर पदर. इकडंतिकडं बघत, जणू कुणाच्या घरात चोरी करायला आल्या होत्या.

बकुळाला इतका आनंद झाला की ती बादली घ्यायला पुढं धावली. कौसाबाईनं तिचा हात धरला.

"काय आणलंत, बाई?"

"सालंच आहेत. आंब्याची. आणि फणस कापला काल, गावाहून आलेला, त्याचं थोडं."

"मग झाकलंत कशाला? फणसाला लाज वाटते का ऊन लागायची?"

पाटणकरबाईंचा चेहरा लाल झाला. "कुणी बघितलं तर उगाच..."

"मी सात वर्सं उघडी बादली घेऊन तुमच्या दारात आले. भर दिवसा. सगळ्यांनी बघितलं." कौसाबाई शांतपणे बोलत होती. तिच्या पाठीमागं कोरडा पडलेला ढीग होता, आणि त्या एका बादलीतल्या ओल्या सालांवर त्याचा जीव होता, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. "बाई, झाकून आणायचं असंल तर घेऊन जा परत. पाच वाजता टँकर येतो, सगळ्या बायका पाण्याला बाहेर असतात. तवा आणा. उघडं."

बाई गेल्या. बादलीसकट गेल्या.

"आत्या," बकुळा म्हणाली, "हातात आलेला माल परत पाठवला तुम्ही. आमचा शेठ असता ना, रडला असता."

"तुझा शेठ जीन्स इकत होता. मी काय इकत नाय."

म्हणाली खरी. पण त्या दुपारी ती तीनदा उठून सळईला हात लावून आली.

पाच वाजले. टँकर आला होता, म्हणून सगळ्या जणी हंडे-कळशा घेऊन अंगणात. गलका चाललेला. आणि त्या गलक्यातून पाटणकरबाई आल्या. बादली नव्हती. कमरेवर घमेलं होतं, त्यात अख्ख्या फणसाचं काटेरी साल, आतला दांडा नि पाती, वर आंब्याच्या कोयी. पदर खोचलेला, हाताला फणसाचा चीक. हंडे भरायचे थांबले. बाईंनी कुणाकडं बघितलं नाही. सरळ शेवटच्या घरापर्यंत आल्या, कौसाबाईसमोर घमेलं धरलं आणि म्हणाल्या, "घ्या. आणि माझा मोगरा मेला तर तुम्हाला बघून घेईन."

कौसाबाईनं घमेल्याची एक कड धरली. दुसरी बाईंनी सोडली नाही. दोघींनी मिळून ते ढिगापर्यंत नेलं.

मग काय, रांगच लागली. कुणी तपेली घेऊन, कुणी सुपात, कुणी फाटक्या परातीत. बारा दिवसांचं साचलेलं, वास मारणारं. कौसाबाई दाताळं घेऊन उभी राहिली आणि एकेकीचं तपासू लागली. "हे तेलातलं भजं काढ आधी. ढिगाला पित्त होईल." "दुधाची पिशवी कुणाची? गाय पण खाऊन मरंल, ढीग कसा पचवंल? घे परत." "गं जने, एवढा शिळा भात? नवरा जेवत नाय का तुझ्या हातचं?" बायका हसल्या. जनी म्हणाली, "कौसामावशी, तुम्ही दारात यायचात ते बरं होतं. तिथं निदान फक्त माझंच ऐकायला लागायचं."

अंधार पडायच्या आत ढीग उकलून पुन्हा रचला. मुंग्यांचं घर मोडलं. शेजारच्या गोठ्यातून बकुळानं दोन पाट्या शेण आणलं. कोरडं, ओलं, शेण, माती, परत कोरडं. आंब्याच्या सालांवर एकही माशी बसू नये म्हणून प्रत्येक थरावर पाला. धुवण कमी पडलं, तेव्हा चार नंबरमधून पिंपभर आलं. कौसाबाईनं मूठ दाबून बघितली. लाडू वळला.

तेराव्या दिवशी सळई कोमट. तिनं कुणाला सांगितलं नाही. चौदाव्या दिवशी सकाळी सळई उपसली आणि लगेच टाकून दिली, तळवा पदरात घेतला. तरीही सांगितलं नाही. पंधरावा दिवस जाऊ दिला. दिवस म्हणजे दिवस.

सोळाव्या दिवशी किसनला सुट्टी होती. तो उठायच्या आधीच कौसाबाई ढिगापाशी स्टूल टाकून बसली होती, धुतलेलं लुगडं नेसून.

"ये. तूच बघ. उद्या म्हणशील म्हातारीनं लबाडी केली."

किसननं झावळ्यांखाली वाकून सळई उपसली. फिटरच्या सवयीनं मुठीत घट्ट धरली, आणि "आयला" म्हणून हात झटकला. सळई भेंडीच्या वाफ्यात पडली. ढिगाच्या भोकातून बारीक वाफ वर येत होती, चहाच्या किटलीतून येते तशी. किसन हात फुंकत ती वाफ बघत राहिला.

"रात्रीतून काही घातलंस का आत?" त्यानं विचारलं.

"घातलं ना. अकरा घरांचा अहंकार."

किसन हसला. यावेळी खरा हसला. मग म्हणाला, "आजा असता तर काय म्हणाला असता?"

"म्हणाला असता, सून माझी बरी निघाली. नातू अजून कच्चा हाय."

तेवढ्यात कुंपणाशी नऊ नंबरची चांगुणा आली. नवं लग्न झालेली पोरगी, दोन्ही हातांत दोन डबे, डोईवरचा पदर घसरत चाललेला. किसन तिला मदत करायला पुढं झाला, हातही पुढं केला.

"राहू दे," कौसाबाई स्टुलावरून न उठता म्हणाली. "तिचं तिला आणू दे. हितपर्यंत."

चांगुणा डबे घेऊन ढिगापर्यंत आली आणि थांबली. कौसाबाईनं वाकून आत बघितलं. बघायला वेळ लावला.

"कलिंगडाची साल बरी हाय. पण एवढी मोठी कशाला टाकतेस, बारीक चिरून आणत जा. दात ढिगाला नसतात, बाय. आन् पाणी निथळून आण उद्यापासून, सगळी वाट चिकट केलीस."

"हो, मावशी," चांगुणा म्हणाली, आणि विळी कुठं आहे ते विचारू लागली.